आरशासारखा एअरस्ट्रीम : चकाकीमागची पार्श्वभूमी

पन्नास-साठच्या दशकातला एखादा एअरस्ट्रीम, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचा चंदेरी ॲल्युमिनियमचा अमेरिकी राहुटी-ट्रेलर, विक्रीला निघाला की जाहिरातीत हमखास वाचायला मिळतं : मूळची आरशासारखी चकाकी पुन्हा आणली आहे. दावा आकर्षक आहे, पण त्याला फारसा आधार नाही. त्या काळातला ट्रेलर कारखान्याबाहेर पडताना चांगला लखलखीत असे, यात शंका नाही. मात्र त्यात बघून दाढी करावी इतका स्वच्छ आरसा तो नव्हता. आज 'जुनी' म्हणून मिरवली जाणारी चकाकी मुख्यतः नव्वदच्या दशकापासून पुढे, हौशी मालक आणि विमानांना पॉलिश करणारे कारागीर यांनी मिळून घडवली आहे. त्यातला निम्मा खटाटोप कशासाठी करावा लागतो, हे कळायचं तर साठच्या दशकात कारखान्यानेच घेतलेला एक निर्णय पाहावा लागतो.

आधीचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून झटपट. 1934 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ग्लायडर बनवणाऱ्याने रोड चीफ नावाचा, रिव्हेट ठोकलेल्या ॲल्युमिनियमचा ट्रेलर काढला. अटलांटिक ओलांडणाऱ्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'च्या बांधणीतही या गृहस्थांचा हात होता, त्यामुळे विमानाचा सांगाडा आणि कातडं त्यांना पाठ होतं. त्यांचा धंदा दोनेक वर्षांत बसला. तोच बाज उचलून 1936 मध्ये एअरस्ट्रीम क्लिपर आला. किंमत 1,200 डॉलर. मंदीत ही रक्कम ऐकूनच लोक मागे सरत असणार. युद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि ट्रेलर बंद पडले. युद्ध संपलं तसे विमानाचे कारागीर, त्यांची हत्यारं आणि पत्रा, तिन्ही एकदम मोकळे झाले. 1952 मध्ये ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला कारखाना निघाला. 1959-60 मध्ये केपटाउन ते कैरो हा काफिला गेला आणि चंदेरी ट्रेलर जगभर ओळखीचा झाला.

पत्र्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळं भांडण तिथेच आहे.

ॲल्युमिनियममध्ये चारेक टक्के तांबं मिसळलं की ते विमानाला पुरेल इतकं मजबूत होतं, पण तांब्यामुळेच ते लवकर खराबही होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत या मिश्रधातूचा शोध लागला, आणि थोड्याच वर्षांत विमानवाल्यांना ही अडचण जाणवू लागली. 1920 च्या दशकात अमेरिकेत त्यावर तोड निघाली : मजबूत पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून एकजीव करायचा. हाच ॲल्क्लॅड. एअरस्ट्रीमवर सर्रास वापरला गेलेला पत्रा 0.032 इंच, म्हणजे सुमारे 0.8 मिलिमीटर जाडीचा. त्यात शुद्ध थर प्रत्येक बाजूला साधारण 5 टक्के, म्हणजे जेमतेम 40 मायक्रॉन.

घरची पितळी समई चिंच लावून कितीही घासली तरी खाली पितळच असतं. इथे तसं नाही. 40 मायक्रॉन संपले की खाली तांबं मिसळलेला, वेगळ्या रंगाचा आणि लवकर डागाळणारा धातू उघडा पडतो. हा थर दोन कामं करतो. एक, आतल्या धातूसाठी स्वतःचा बळी देतो. ओरखडा पडला तरी आजूबाजूचा शुद्ध थर आधी झिजतो आणि आतला गाभा वाचतो. दुसरं, शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे आणि पडलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग परत फेकत असल्यामुळे मिश्रधातूपेक्षा आरसा त्यावर सहज उमटतो. थोडक्यात, ज्या थरामुळे चकाकी येते तोच घासताना खर्ची पडतो.

विमानांच्या जगात चकाकीला किंमत होती ती वजनामुळे. 1944 च्या सुरुवातीपासून अमेरिकी लष्कराने नव्या विमानांवरचा छद्मरंग थांबवला आणि बॉम्बर उघड्या धातूनिशी उडू लागले. पुढे एका बड्या अमेरिकी विमान कंपनीने उघडं, पॉलिश केलेलं अंग ही आपली ओळखच करून टाकली. 2013 मध्ये तिने ती सोडली, कारण येऊ घातलेल्या नव्या विमानांचं अंग ॲल्युमिनियमचं नव्हतंच. विमानं उजळणाऱ्या या मंडळींकडची पेस्ट आणि यंत्रं नंतर ट्रेलरवाल्यांच्या हाती आली. त्याकडे पुढे येऊ.

कारखान्यातून येणारा एअरस्ट्रीम लाटणयंत्रातून आलेल्या पत्र्याच्या जन्मजात तकाकीचा असे. जवळून पाहिलं तर त्यावर लाटणीच्या दिशेने बारीक समांतर रेषा दिसतात. जुन्या फोटोंत झाडांचं, माणसांचं प्रतिबिंब दिसतं, पण ते धूसर, थोडं ताणलेलं. घरी नेल्यावर मालक मेण लावत आणि हौशी लोक घासतही. उघडं ॲल्युमिनियम हवेत क्षणार्धात ऑक्साइडची काही नॅनोमीटर जाडीची पापडी धरतं, आणि ही पापडीच त्याचं रक्षण करते. मात्र खारी हवा, रस्त्यावरचं मीठ आणि धूर यांनी ती जाड होत गेली की पत्रा करडा, खडूसारखा दिसू लागतो. गॅरेज नसलेल्या मालकाला हे फार लवकर कळत असे.

आणि इथेच साठच्या दशकाच्या मध्याचा तो निर्णय येतो. त्या सुमारास कारखान्याने ट्रेलरवर पारदर्शक प्लास्टिकचा लेप फवारायला सुरुवात केली. वरकरणी हेतू सोपा : ग्राहकाने घासू नये, ट्रेलरने चमकावं. व्यापाऱ्याच्या अंगणात महिनोन्महिने उभा असलेला ट्रेलर मळकट दिसू नये, हेही बहुधा त्यामागे असेल. कारखान्याची बाजू घ्यायची तर ग्राहकाची तक्रार खरी होती आणि उपाय त्या काळी आधुनिकच वाटत असणार. 1969 मध्ये चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना ज्या फिरत्या विलगीकरण कक्षात ठेवलं तोही एअरस्ट्रीमच्याच अंगाचा होता. चंदेरी म्हणजे भविष्य, असा तो काळ.

पण लेप आणि पत्रा यांचं जमलं नाही. उन्हात, विशेषतः छपरावर आणि पुढच्या वळणावर, लेप पिवळा पडून पापुद्रे सुटू लागतात. जिथे तो निघतो तिथे धातू उघडा होऊन करडा होतो आणि शेजारी लेपाखालचा पत्रा चमकत राहतो. परिणामी ट्रेलर कोड फुटल्यासारखा ठिपकेदार दिसतो. त्याहून वाईट म्हणजे रिव्हेटच्या कडेने आणि पत्र्याच्या कापलेल्या धारेवर, लेपाखाली, गंजाच्या बारीक नागमोडी रेषा पसरतात. कापलेल्या धारेपाशी शुद्ध थराचं पांघरूण नसतं, आतला तांबंयुक्त गाभा तिथे उघडाच असतो. लेपामुळे पाणी तिथे अडकून राहतं. न लेपलेल्या जुन्या पत्र्यावर हा रेषांचा गंज सहसा दिसत नाही; तो लेपाखालीच फोफावतो. म्हणून माझं मत असं, की रक्षणाच्या नावाखाली कारखान्याने नेमका नाजूक भाग झाकून ठेवला आणि बाकीचा मालकावर सोडला. लेप तसा कायमचा नव्हताच, काही वर्षांनी काढून नवा फवारायचा असं गृहीत होतं. पण किती मालक एवढी यातायात करतील, याचा हिशेब तेव्हा कोणी केलेला दिसत नाही.

तुलनेसाठी मिशिगनमध्ये बनणारा एव्हियन घ्या. त्यांनी पत्र्याला विद्युत-रासायनिक प्रक्रियेने (ॲनोडायझिंग) कडक ऑक्साइडची कातडी दिली. असे ट्रेलर आज अर्धशतकानंतरही एकसारख्या करड्या-चंदेरी रंगाचे दिसतात. त्यांना पॉलिश करता येत नाही. ती कातडी घासून काढली तर खाली काय निघेल याची शाश्वती नाही. टिकाऊपणा बघितला तर ते शहाणे ठरले. मात्र जुन्या गाड्यांच्या बाजारात भाव एअरस्ट्रीमला आहे, कारण तो आरसा होऊ शकतो. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे मात्र ते डॉलरमध्ये मोजता येतं.

नव्वदच्या दशकात जुन्या ट्रेलरचे मालक एकत्र येऊ लागले आणि विमानांचे पॉलिश त्यांच्या हाती पडले. आधीची पद्धत म्हणजे घरगुती धातू-पॉलिश, चिंधी आणि खांदेदुखी. आता दोन यंत्रांची रीत रुळली. फिरत्या पॉलिशरवर सात-आठ इंची लोकरी पॅड लावून जाड दाण्याचं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट. त्यावर बारीक दाण्याचं. आणि शेवटी दोन डोक्यांच्या यंत्राला स्वेटशर्टसारखं मऊ कापड गुंडाळून फिरत्या पॅडचे गोल ओरखडे पुसून काढायचे. दोन फूट चौकोनाचा तुकडा घेतात, कंपाउंडचे चारदोन ठिपके देतात. पॅड फिरू लागताच पत्रा उजळत नाही, काळाकुट्ट होतो : घासलेलं ऑक्साइड आणि बारीक धातू कंपाउंडमध्ये मिसळून काळा लगदा होतो. यंत्र तसंच चालवत राहिलं की हा काळा थर पातळ होत होत अचानक खालून आकाश दिसायला लागतं. रिव्हेटच्या डोक्याभोवती साचलेला काळा कुणी मिनरल स्पिरिटने, कुणी गव्हाचं पीठ चोळून काढतात. भर उन्हात हे काम कोणी शहाणा करत नाही. पत्रा तापतो, कंपाउंड सुकून चिकटतं आणि दुप्पट काम वाढतं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. पत्रा चमकतो म्हणजे त्यात आरसा आहे असं नाही. पत्र्याला फूटपट्टी काटकोनात टेकवा आणि प्रतिबिंबातले आकडे वाचत जा. कारखान्याच्या तकाकीत पहिल्या काही इंचांनंतरच आकडे वितळतात. नीट काम झालं असेल तर दूरपर्यंत वाचता येतात. ही स्पष्टता शेवटच्या बारीक टप्प्यातून येते आणि हौशी लोक नेमका तोच टप्पा कंटाळून सोडतात. दुरून फोटोत दोन्ही ट्रेलर सारखेच दिसतात.

झीज किती होते यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, प्रत्येक पॉलिश म्हणजे आतल्या गाभ्याकडे एक पाऊल, म्हणून संग्राह्य ट्रेलर तसेच करडे ठेवावेत. दुसरा म्हणतो, बारीक दाण्याच्या कंपाउंडने जाणारा धातू 40 मायक्रॉनच्या मानाने नगण्य आहे आणि दर वर्षी हलका हात फिरवला तर ट्रेलर मालकापेक्षा जास्त टिकेल. दुसऱ्यांचं म्हणणं मला पटतं, पण एका अटीवर : खोल ओरखडे काढायला सॅण्डपेपर लावायचा नाही. थर संपतो तो कंपाउंडने नाही, तर ओरखड्याच्या मागे लागून कागदाने खरवडल्याने, आणि रिव्हेटच्या कडेवर, वळणाच्या धारेवर यंत्र जोराने टेकवल्याने. एकदा असा डाग उघडा पडला की त्याला परत आणायचा मार्ग नाही. तुकडा बदलावा लागतो, आणि शेजारच्या जुन्या पत्र्याच्या छटेशी नवा ॲल्क्लॅड जुळत नाही, मग तो तुकडा ठिगळासारखा दिसतो. मुळातही शेजारशेजारच्या पत्र्यांची लाटणीची दिशा वेगळी असते. पॉलिश जितकं चांगलं, तितका हा फरक जास्त दिसतो. विशेषतः टोकांच्या फुगीर भागाच्या फाकांवर, मग त्या सात असोत की तेरा.

सध्याची मोठी अडचण घासण्याच्या आधीची आहे. साठच्या दशकानंतरच्या ट्रेलरचा लेप आधी काढावा लागतो. त्यासाठी मिथिलीन क्लोराइडचा स्ट्रिपर सर्वांत चटकन काम करत असे : लावा, पापुद्रा फुगला की प्लास्टिकच्या पात्याने ढकला, धुऊन टाका. पण बंद जागेत या रसायनाची वाफ जीव घेते आणि अमेरिकेत त्याने कामगार मेले आहेत. म्हणून पर्यावरण खात्याने 2019 मध्ये रंग काढायला सामान्य ग्राहकाला त्याची विक्री थांबवली आणि 2024 मध्ये बहुतेक इतर वापरांवरही बंदी आणली. निर्णय योग्यच होता. मात्र त्याच्या जागी आलेले बेंझिल अल्कोहोलवर आधारित स्ट्रिपर संथ आहेत. लेपाला तासन्तास ओला ठेवण्यासाठी मालक त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवतात, दुसऱ्या दिवशी उरलेल्या ठिगळांवर पुन्हा लावतात. काही कारागीर आता लेप काढण्याचे पैसे पॉलिशच्या पैशांपेक्षा वेगळे सांगतात, आणि ज्याने आधी तो सगळा लेप काढला आहे असा ट्रेलर विकताना मालक ते ठळक अक्षरांत लिहितो.

पॉलिश झाल्यावर पुन्हा पारदर्शक लेप द्यायचा की नाही, हा वाद अजून निकाली निघालेला नाही. देणारे सांगतात, आरशाचं काम टिकवायचं तर झाकलंच पाहिजे. न देणारे साठच्या दशकाकडे बोट दाखवतात : गुळगुळीत पत्र्यावर लेपाला पकड मिळत नाही आणि सुटला की पुन्हा तोच ठिपकेदार ट्रेलर, तीच गंजाची नागमोडी रेष. समुद्राकाठी राहणाऱ्यांना उघडा आरसा काही महिन्यांतच मंद झालेला दिसतो; कोरड्या वाळवंटी भागात तो बराच काळ तग धरतो. त्यामुळे कोणता ट्रेलर कुठे उभा राहतो, यावरच बहुतेकांचं मत ठरतं. नव्या एअरस्ट्रीमवर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्यांवर आधीच संरक्षक लेप असतो आणि कंपाउंड लावलं की आधी तोच खरवडून निघतो. म्हणून पॉलिशवाल्यांचं सगळं काम जुन्याच ट्रेलरांवर चालतं.