प्रतिबंधक कारवाई : मराठवाड्यातील तरुण आणि लोकशाही स्वातंत्र्य

गुन्हा घडण्याआधी, तो घडेल या अंदाजावरून एखाद्याला ताब्यात घेणे, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेणे, किंवा ठरावीक मुदतीसाठी जिल्ह्याबाहेर घालवणे या उपायांना एकत्रितपणे प्रतिबंधक कारवाई म्हणतात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ती ‘चॅप्टर केस’ आणि ‘तडीपारी’ या नावांनी ओळखली जाते. सण, जयंत्या, निवडणुका आणि आंदोलने यांच्या तोंडावर याद्या निघतात आणि त्यांत तरुणांची नावे मोठ्या संख्येने असतात. ज्या राज्यव्यवस्थेचा पाया नागरिकाच्या स्वातंत्र्यावर घातला आहे, तिने न घडलेल्या गुन्ह्यासाठी तरुणांना बांधून ठेवणे कितपत सुसंगत आहे, हा या विषयाचा गाभा आहे.

पूर्वपीठिका : या पद्धतीचा उगम कोठे मानावा याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एका मताप्रमाणे तिचे मूळ इंग्लंडमधील शांतता राखण्याच्या जामिनकीत आहे. १३६१ च्या तेथील कायद्याने स्थानिक न्यायाधीशांना असा जामीन घेण्याचा अधिकार दिला. तोच विचार ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजदारी प्रक्रिया संहितांत उतरला आणि १८९८ च्या संहितेत आठव्या प्रकरणाच्या रूपाने स्थिर झाला. ‘चॅप्टर’ हे बोलीतले नाव त्यावरूनच पडले. दुसरे मत असे की, दख्खनमध्ये मुचलका व जामिनकी घेण्याची कोतवाली रीत आधीपासून होती आणि निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगाच्या सुधारणांनंतर उभ्या राहिलेल्या पोलीस खात्याने तिला नियमांचे रूप दिले. हैदराबाद संस्थानचे फौजदारी कायदे बऱ्याच अंशी ब्रिटिश नमुन्यावर बेतलेले होते, त्यामुळे दोन्ही प्रवाह वेगळे काढणे अवघड आहे. कायद्याच्या मजकुरापुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. अंमलबजावणीच्या सवयी मात्र बहुधा संस्थानी काळातल्या असाव्यात.

या सवयींचा ठळक नमुना म्हणून ‘गश्ती निशाण ५३’ या संस्थानी परिपत्रकाचा उल्लेख केला जातो. ते सामान्यतः १९२० च्या दशकातले मानतात. पूर्वपरवानगीशिवाय सभा भरवण्यास त्याने मनाई केली. आर्य समाजाने पुढे केलेल्या तक्रारींत आखाड्यांवरील बंधनांचाही समावेश होता. तरुण जेथे जमतात ती जागाच संशयास्पद ठरवण्याची ही रीत होती.

१९३८ चे वंदे मातरम् आंदोलन या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात हे गीत म्हणण्यावरून वाद उद्भवला आणि तो उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला. माफी किंवा हमी देऊन परत येण्यापेक्षा अनेक विद्यार्थ्यांनी महाविद्यालय सोडणे पसंत केले. त्यांतील बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. हमी लिहून देण्यास नकार देणारी ही पिढी मुक्तिसंग्रामात उतरली. १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन पाळणाऱ्या प्रदेशात विद्यार्थ्यांकडून आजही तशीच हमी मागितली जावी, ही बाब नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

भटक्या-विमुक्तांची पूर्वपीठिका याहून कठोर आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. हैदराबाद संस्थानातही त्याच धर्तीचे नियम होते. मूळ कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून पाळतीची कल्पना टिकून राहिली. पारधी वस्तीवर चोरीच्या तपासासाठी प्रथम जाण्याची प्रवृत्ती त्याच परंपरेतली आहे.

कायद्याची चौकट : १ एप्रिल १९५१ पासून भारतीय फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) येथे आणला गेला. १९७३ च्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. त्यामुळे शांतताभंगाच्या शक्यतेचे कलम १०७ आता १२६, सराईतांसाठीचे ११० आता १२९ आणि प्रतिबंधात्मक अटकेचे १५१ आता १७० झाले आहे. ठाण्यात व तहसीलमध्ये मात्र ‘एकशेसात’ आणि ‘एकशेदहा’ हेच आकडे अजून तोंडी आहेत. पहिल्या कलमाखाली एक वर्षापर्यंतचे व दुसऱ्याखाली तीन वर्षांपर्यंतचे बंधपत्र घेता येते. कलम १७० खाली चोवीस तासांपेक्षा अधिक काळ ताब्यात ठेवता येत नाही.

आंदोलकांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली ताब्यात घेऊन कलम ६९ खाली सोडून देण्याची पद्धत सर्वत्र आढळते. कलम ३७ खालील जमावबंदी पंधरा दिवसांपेक्षा अधिक ठेवायची तर शासनाची मंजुरी लागते. व्यवहारात अपर जिल्हादंडाधिकारी दर पंधरवड्याला नवा आदेश काढतात आणि अपवाद म्हणून योजलेला उपाय वर्षभर चालू राहतो. हद्दपारी, म्हणजेच तडीपारी, कलम ५५ ते ५७ खाली होते व तिची कमाल मुदत दोन वर्षे आहे. स्थानबद्धतेसाठी १९८१ चा एमपीडीए (महाराष्ट्र धोकादायक कारवाया प्रतिबंधक) कायदा आहे.

एक तरतूद फारशी कोणी सांगत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २२ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर चॅप्टरची कार्यवाही करताच येत नाही. गणेश मंडळाच्या किंवा जयंती समितीच्या यादीवरून सरसकट नोटिसा निघतात तेव्हा शाळेचा दाखला तपासणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

प्रत्यक्ष व्यवहार : पोलीस ठाण्याचा प्रस्ताव तहसीलदाराकडे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून जातो. आयुक्तालयाच्या क्षेत्रात हे काम सहायक पोलीस आयुक्त करतात. नोटिशीत मिळालेल्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत व जामीनदारांची संख्या असावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात नमुना आधीच टाइप केलेला असतो. नाव, वय आणि गाव एवढेच हाताने भरलेले आढळते आणि भांडखोरपणाचे वर्णन दहा जणांसाठी शब्दशः तेच असते. ‘जाब देणार’ म्हणून बोलावलेला तरुण आधार कार्डाची झेरॉक्स आणि जामीनदाराचा सातबारा घेऊन तहसीलच्या व्हरांड्यात थांबतो. तारीख पडली की दिवसाची मजुरी बुडते. पुष्कळ जण जाब न देताच सही करून मोकळे होतात, कारण वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

याचे ओझे पुढे जाणवते. बीड, परभणी, लातूरकडच्या गावांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले पोलीस भरतीची तयारी करत असतात. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीत जुन्या कारवाईची नोंद निघाली की खुलासे द्यावे लागतात. बंधपत्र ही शिक्षा नव्हे, असे कायदा म्हणतो, परंतु सरकारी नोकरी हाच शेतीबाहेरचा मुख्य मार्ग असलेल्या प्रदेशात तिचा परिणाम शिक्षेहून फार वेगळा राहत नाही.

आंदोलने : १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन प्रामुख्याने विद्यार्थ्यांचे होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. या प्रकरणाचा एक धडा उलट दिशेचा आहे : पोलिसांनी जेथे संरक्षण द्यायचे तेथे ते कमी पडले, तर स्वातंत्र्य त्यानेही हिरावले जाते. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बीड व माजलगाव येथे जाळपोळ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर उसळलेल्या हिंसाचारानंतर धरपकड झाली. अटकेतील, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या ३५ वर्षांच्या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२५ मध्ये या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

मतमतांतरे : कडक बंदोबस्ताच्या बाजूने असा युक्तिवाद केला जातो की, दंगलीत सर्वाधिक हानी दुर्बलांची होते व वेळीच घेतलेले बंधपत्र ती टाळते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात संवैधानिक मार्ग खुले असताना रस्त्यावरच्या मार्गांचा त्याग करावा असे सांगितले होते, त्याचाही आधार घेतला जातो. पण त्याच आंबेडकरांनी दोन महिने आधी संविधान सभेत आजच्या अनुच्छेद २२ चा मसुदा मांडून अटकेची कारणे कळण्याचा व चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क मिळवून दिला. ही दोन्ही विधाने एकत्र वाचणे योग्य होईल.

सर्वोच्च न्यायालयाने मधु लिमये खटल्यात (१९७०) आठव्या प्रकरणाची वैधता मान्य केली. हद्दपारीची तरतूदही हरी खेमू गवळी खटल्यात (१९५६) बहुमताने टिकली. म्हणजे कायदा स्वतः लोकशाहीविरोधी आहे असे न्यायालयांनी म्हटलेले नाही. आक्षेप आहे तो तक्रारदार आणि निर्णय देणारा एकाच प्रशासनाचे असण्यावर. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पोलीस उपायुक्तांना कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे असे अधिकार देणे घटनाबाह्य ठरवले. प्रस्तुत नोंदकर्त्याला हाच आक्षेप सर्वांत सबळ वाटतो. रस्त्यावर किती पोलीस उभे आहेत यापेक्षा, नोटीस मिळालेल्या मुलाचे म्हणणे स्वतंत्र न्यायाधीशापुढे ऐकले जाते की नाही, यावरून त्याचे स्वातंत्र्य ठरते.

दाद : या संदर्भात जालना जिल्ह्यातील एका हद्दपारी प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी दिलेला निकाल पथदर्शक आहे. हद्दपारी हा असाधारण उपाय असून तो संचारस्वातंत्र्यावर घाला घालतो, म्हणून तो क्वचितच वापरावा, असे न्यायालयाने म्हटले. जुन्या गुन्ह्यांचा आधार आणि कारणे न नोंदवता दिलेली कमाल दोन वर्षांची मुदत यांमुळे आदेश रद्द झाला. त्यानंतर खंडपीठापुढील अशा याचिकांत या निकालाचा हवाला दिला जातो. हद्दपारीविरुद्ध महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६० खाली तीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. चॅप्टरची चौकशी सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही, आणि विशेष कारणे नोंदवून मुदतवाढ दिली नाही, तर ती आपोआप संपते. हे ठाऊक नसल्याने कित्येक तरुण मुदत उलटून गेल्यावरही तारखेला हजर राहतात.