धुरकट ब्लेंडेड स्कॉच

धुरकट ब्लेंडेड स्कॉच : पीटच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीची माल्ट व्हिस्की आणि हलकी ग्रेन व्हिस्की यांच्या मिश्रणातून होणारी स्कॉटलंडची व्हिस्की. ‘धुरकट’ असा वेगळा वर्ग कायद्यात नाही. 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांत ब्लेंडेडच्या अटी मोजक्याच आहेत : किमान एक सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली माल्ट व्हिस्की), किमान एक सिंगल ग्रेन (एकाच डिस्टिलरीतली ग्रेन व्हिस्की), ओकच्या पिंपात निदान 3 वर्षे मुरणे आणि बाटलीत निदान 40 टक्के अल्कोहोल. धूर किती ठेवायचा, हे मिश्रण करणाऱ्याच्या नाकावर.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत, दबत गेलेला शेवाळ-गवताचा थर. तो विटांसारखा कापून, वाळवून जाळतात. झाडे विरळ असलेल्या बेटांवर घरच्या चुलीचे सरपणही तेच. मोड आलेली ओली बार्ली या धुरावर वाळते तेव्हा फिनॉलवर्गीय द्रव्ये दाण्याला चिकटतात. त्यांपैकी ग्वायकॉलला जळक्या लाकडाचा वास असतो, क्रेसॉलला दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील लागावूलिन डिस्टिलरीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, फिनॉल दशलक्ष भागांत साधारण 35, तिथल्याच आर्डबेगच्या माल्टमध्ये सुमारे 55. हे आकडे मिरवले फार जातात, पण ते दाण्याचे आहेत, ग्लासातल्या व्हिस्कीचे नव्हेत; ऊर्ध्वपातनात त्यातले बरेच मागे राहते.

सगळा धूर आयलाचाच, हाही गैरसमज. भारतात सहज मिळणाऱ्या टीचर्स हायलँड क्रीममधला धूर मुख्यतः ॲबर्डीनशरमधील आर्डमोर डिस्टिलरीचा (स्थापना 1898). तिथल्या पीटचा धूर कोरडा, चुलीकडे झुकणारा. समुद्राची, आयोडिनची झाक त्यात जवळजवळ नाही. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलमध्ये आयलाच्या कल ईला डिस्टिलरीचा हात असतो, मात्र तिथे ग्रेनचा गोडवा आणि सुक्या मेव्याची चव आधी येते, धूर घोट गिळल्यावर. ब्लेंडची खरी गंमत या उशिरात आहे. सिंगल माल्टच्या चाहत्यांना ब्लेंड पाणचट वाटते. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही.

चाखण्यासाठी वर निमुळता होत जाणारा ग्लास बरा, कारण वास ग्लासाच्या तोंडाशी गोळा होतो. नाक एकदम आत खुपसू नये. अल्कोहोलच्या झणक्याने पुढचे काही कळेनासे होते. हुरड्याची आगटी विझत आल्यावर येतो तो वास आठवला, तर निम्मे काम झाले. व्यावसायिक ब्लेंडर नमुना पाणी घालून 20 टक्के अल्कोहोलच्या आसपास आणून मुख्यतः हुंगूनच पारखतात. थोडे पाणी घालण्याला शास्त्राचाही आधार आहे : स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय प्रतिरूपाने दाखवले, की अल्कोहोलचे प्रमाण कमी असताना ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी गोळा होते, म्हणजे नाकाच्या जवळ येते. बर्फाने उलटे होते, गारठ्यात वास आखडतो. सोडा मात्र धुराला मारक नाही. बुडबुडे तो वर आणतात. तिखट चकणा टाळावा. साधे भाजलेले शेंगदाणे चालतात. एका बैठकीत अनेक व्हिस्क्या असतील तर धुरकट शेवटी, नाहीतर नंतरच्या सगळ्यांना तिचीच चव लागते.

ग्लास न विसळता रात्रभर ठेवावा. फळांचा, व्हॅनिलाचा वास सकाळपर्यंत उडालेला असतो. तळाशी उरते ती राख.