दुबार छायाचित्रे

एकाच डिजिटल छायाचित्राच्या निरनिराळ्या संगणकांवर, मोबाइलवर व पेन ड्राइव्हवर साठलेल्या प्रतींना दुबार छायाचित्रे म्हणतात. त्या एका ठिकाणी गोळा करून, ताडून पाहून त्यांतील चांगली प्रत राखणे हे वरवर सफाईचे काम वाटते. प्रत्यक्षात ते ओळख पटवण्याचे काम आहे. मराठवाड्यात अशा प्रती वाढतात त्या मुख्यतः कुटुंब पांगल्यामुळे. गावाकडच्या घरातला जुना संगणक, लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या मुलीचा लॅपटॉप, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा लॅपटॉप आणि फोटोवाल्याने दिलेला पेन ड्राइव्ह, अशा चारही ठिकाणी तेच लग्न असते आणि बहुधा ‘न्यू फोल्डर (२)’ याच नावाखाली असते.

फाइलच्या नावावरून प्रत ओळखता येत नाही. अनेक कॅमेऱ्यांचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, त्यामुळे दोन अगदी वेगळ्या छायाचित्रांना एकच नाव मिळू शकते. म्हणून तंतोतंत सारख्या फायली शोधताना प्रत्येक फाइलचा ‘हॅश’, म्हणजे तिच्यातील माहितीवरून गणिताने काढलेला ठसा, काढतात. ‘शा-२५६’ या पद्धतीत फाइल कितीही मोठी असली तरी तिचा ६४ चिन्हांचा ठसा तयार होतो आणि फाइलमधला एक बिट (० किंवा १ हा माहितीचा सर्वांत लहान कण) बदलला तरी तो ठसा पार बदलतो. याच काटेकोरपणामुळे व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत हॅशच्या जाळ्यात सापडत नाही, कारण पाठवताना चित्र आक्रसलेले असते.

अशा प्रतींसाठी दृश्यसाम्यावर आधारलेला हॅश वापरतात. त्याच्या एका प्रकारात चित्र ९ × ८ ठिपक्यांचे व करड्या रंगाचे करून शेजारशेजारच्या ठिपक्यांतील उजेडाची तुलना करतात आणि त्यातून ६४ बिटांची खूण मिळवतात. दोन खुणांत जितके कमी बिट वेगळे, तितकी चित्रे सारखी. डिजिकॅम व डूपगुरू या मोफत प्रणालींत अशा साम्यशोधाची सोय आहे. मात्र येथेच फसगत होते. अतिवृष्टीनंतर पंचनाम्यासाठी काढलेले पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचे फोटो यंत्राला एकसारखे दिसतात, पण त्यांतला एक एका गटाचा (गट क्रमांकाच्या जमिनीचा) असतो आणि दुसरा बांधापलीकडच्या गटाचा. शेताचे फोटो यंत्राच्या भरवशावर कधीही पुसू नयेत. जीपीएसची नोंद असल्यास ती पाहून गट ठरवावा.

ही नोंद, तसेच फोटो काढल्याची तारीख व वेळ, छायाचित्राच्या फाइलमध्येच ‘एक्झिफ’ या भागात असते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवल्यास ती गळून पडते. म्हणून दोन प्रतींपैकी एक्झिफ शाबूत असलेली, मोठ्या आकाराची प्रत राखावी. कागदी फोटो स्कॅन केल्यास फाइलवर स्कॅन केल्याच्या दिवसाची तारीख पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाआधीच्या जुन्या गावातल्या घराचा फोटो अशा रीतीने दहा-वीस वर्षांनी पुढे सरकतो आणि तारखेनुसार लावलेल्या संग्रहात भलत्याच जागी जाऊन बसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून निदान वर्ष तरी हाताने भरणे हाच त्यावर उपाय आहे.

सर्व फोटो एका बाह्य हार्ड डिस्कवर आणताना ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावे. भारनियमनात मध्येच वीज गेल्यास अर्धवट उतरलेली फाइल मागे राहू शकते. ती उघडते, पण चित्राचा खालचा भाग करडा दिसतो. मूळ प्रत जागेवर असली तर असे नुकसान भरून निघते. त्यानंतर वर्ष-महिना अशा क्रमाने फोल्डर करून आधी हॅश जुळलेल्या व मग दिसायला सारख्या प्रती वेगळ्या काढाव्यात. दुसऱ्या प्रकारच्या प्रती लगेच न पुसता एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि दिवाळीत सगळे घरी जमले की त्यांच्यासमोर उघडाव्यात. कोणत्या फोटोत आजीचे डोळे उघडे आहेत हे त्यांनाच आधी दिसते.