‘स्टील टाइम’ची पार्श्वभूमी: आभासी प्रोसेसर रांगेत किती वेळ उभा राहिला?

लिनक्समध्ये यंत्रावरचा भार दाखवणारी टॉप ही कमांड चालवली की प्रोसेसरच्या ओळीत सगळ्यात शेवटी ‘एसटी’ असा आकडा दिसतो. आपल्याकडे एसटी म्हटलं की लाल बस डोळ्यांसमोर येते. पूर्ण शब्द ‘स्टील’ असा देवनागरीत लिहिला की घरातली भांडी आठवतात. मूळ अर्थ चोरीचा आहे. खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभं केलेलं यंत्र म्हणजे आभासी यंत्र, आणि त्याचा प्रोसेसर तो आभासी प्रोसेसर. त्याला काम करायचं होतं, पण खऱ्या प्रोसेसरवर त्याची पाळी लागली नाही, तेवढा हा वेळ. या एका शब्दाने जेवढा घोळ घातला, तेवढा शेड्युलरच्या, म्हणजे पाळी ठरवणाऱ्या भागाच्या, कुठल्याही अल्गोरिदमने घातला नसेल.

सोलापुरात यंत्रमागावरचं उदाहरण दिलं की मुलांना हे चटकन कळतं. एक कामगार चार माग बघतो. एका मागावर बीमच चढवलेला नाही, तो माग रिकामा. दुसऱ्याची कांडी संपली आहे, सूत तयार आहे, पण कामगार तिसऱ्या मागावर तुटलेला धागा जोडतोय, म्हणून तो थांबलाय. दोन्ही माग बंदच दिसतात. पहिल्याचा वेळ ‘आयडल’मध्ये जातो, दुसऱ्याचा ‘स्टील’मध्ये.

एका यंत्रावर अनेक यंत्रं चालवण्याची कल्पना १९६० च्या दशकातल्या मेनफ्रेमवरची. १९७२ मध्ये ती रीतसर बाजारात आली. तिथे दोन घड्याळं होती. एक भिंतीवरच्या घड्याळासारखं सतत चालणारं, दुसरं आभासी प्रोसेसर प्रत्यक्ष चालू असतानाच पुढे सरकणारं. दोन्हींची वजाबाकी केली की रांगेतला वेळ हातात. लिनक्सने हा हिशेब २००५ मध्ये २.६.११ आवृत्तीत मेनफ्रेमवरूनच उचलला आणि प्रोसेसरच्या वेळेचा हिशेब मांडणाऱ्या प्रोक-स्टॅट फाइलमध्ये स्टीलचा रकाना आला. त्याआधी गेस्टमधला, म्हणजे आभासी यंत्रातला, कर्नल (लिनक्सचा गाभा) घड्याळाचा टिक पडेल तेव्हा जी प्रोसेस समोर असेल तिच्या नावावर वेळ मांडायचा, मग मधल्या काळात तिला प्रोसेसर मिळालेला असो वा नसो. म्हणजे बिल एकाचं, खाल्लं दुसऱ्याने.

त्या फाइलच्या अधिकृत माहितीत स्टीलचा अर्थ दोन शब्दांत दिला आहे: ‘नाइलाजाची प्रतीक्षा’. हेच नाव रूढ झालं असतं तर पुढचे बरेच वाद टळले असते असं मला मनापासून वाटतं. प्रतीक्षा म्हटलं की माणूस कारण शोधतो. चोरी म्हटलं की चोर शोधतो.

खरी गंमत २००७ पासून सुरू होते. लिनक्समध्येच आभासी यंत्रं चालवणारं केव्हीएम २.६.२० मध्ये आलं ते एक साधा पण दूरगामी निर्णय घेऊन: आभासी प्रोसेसर म्हणजे होस्टवरचा, म्हणजे खऱ्या यंत्रावरचा, एक नेहमीचा थ्रेड (स्वतंत्र पाळी मिळणारं एक काम). त्याला पाळी देण्यासाठी वेगळा शेड्युलर नाही; डेटाबेसला, बॅकअपला पाळी देणारा जो शेड्युलर, तोच यालाही देणार. त्याच वर्षी २.६.२३ मध्ये सीएफएस हा नवा शेड्युलर आला. निरीक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय वरदान ठरला, कारण थ्रेडवर नजर ठेवायची सगळी साधनं आभासी प्रोसेसरवरही आपोआप चालू लागली. कर्नलमधल्या घटना टिपणारी एफट्रेस २००८ ची, पर्फ २००९ ची. थ्रेड जागा झाला तो क्षण आणि प्रोसेसरवर चढला तो क्षण यांच्यातलं अंतर मोजलं, की प्रतीक्षा मिळाली.

पण हे सगळं होस्टवर. आत बसलेल्या केव्हीएमच्या गेस्टला यातलं काहीच दिसत नव्हतं. ती सोय २०११ मध्ये ३.१ आवृत्तीत झाली. गेस्ट आपल्या मेमरीतला ६४ बाइटचा एक तुकडा राखतो आणि त्याचा पत्ता हायपरव्हायजरला, म्हणजे आभासी यंत्रं चालवणाऱ्या होस्टवरच्या सॉफ्टवेअरला, सांगतो. होस्ट त्यात प्रतीक्षेचे नॅनोसेकंद भरत जातो. भरताना तिथला एक क्रमांक विषम होतो, भरून झालं की सम. गेस्टने आकडा वाचण्याआधी आणि नंतर तो क्रमांक बघायचा; दोन्ही वेळा तोच आणि सम असेल तरच आकडा खरा मानायचा. कुलूप नाही, निरोप नाही. इतकं नेटकं काम कर्नलमध्येही रोज बघायला मिळत नाही.

घोटाळा या आकड्यात काय भरलं जातं तिथे आहे. होस्ट त्यात थ्रेडची ‘रन डिले’ भरतो, म्हणजे थ्रेड तयार असूनही थांबला तो सगळा वेळ. पुढच्या वर्षीच, २०१२ च्या जानेवारीत, ३.२ आवृत्तीत सीएफएसला कोटा लावायची सोय आली: अमुक गटाने दर १०० मिलिसेकंदांत इतकेच मिलिसेकंद वापरायचे. कोटा संपला की थ्रेड अडवला जातो. हा अडवलेला वेळही रन डिलेत जातो, आणि तिथून गेस्टच्या स्टीलमध्ये. म्हणजे शेजाऱ्याने गर्दी केली तरी स्टील, आणि तुम्ही अर्ध्याच प्रोसेसरचे पैसे भरलेत म्हणून अडवलं तरी स्टीलच.

हे दोन वेगळे काढावेत असा प्रस्ताव २०१२-१३ मध्ये पॅचसह, म्हणजे कोडमधल्या तयार बदलांसह, मांडला गेला. ठरलेल्या वाट्यामुळे जाणारा, आधीच अपेक्षित असलेला वेळ वेगळ्या रकान्यात दाखवायचा, आणि त्याच्यावर जो जाईल तोच स्टील म्हणायचा. कारणही स्पष्ट दिलं होतं: ग्राहक टॉपमध्ये स्टील बघून गोंधळतात. चर्चेच्या फेऱ्या झाल्या, पॅच सुधारून पुन्हा आले, पण कर्नलमध्ये शिरले नाहीत. विरोधात बोलण्यासारखंही आहे: कर्नलने वेळ मोजावा, कराराचा अर्थ वरच्या साधनांनी लावावा, आणि वाटा सांगणारा होस्टच असेल तर त्याने जास्त वाटा ‘अपेक्षित’ दाखवून गर्दी लपवली, तर गेस्टला कळणार कसं? हा मुद्दा वजनदार आहे. तरीही मला तो निर्णय चुकलाच वाटतो. लपवाछपवीची भीती होती म्हणून दोन रकाने नाकारले, आणि हाती राहिला तो एक रकाना, ज्यात दोन्ही कारणं कायमची लपली.

हे मी पुस्तकी बोलत नाही. इथल्या एका टॉवेल निर्यातदाराचा हिशेबाचा सर्व्हर भाड्याच्या दोन कोअरच्या आभासी यंत्रावर होता. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना सगळं खोळंबायचं. टॉपमध्ये युजर ४७, सिस्टिम २, आयडल ०, एसटी ५१. मालकांचं ठाम मत, ‘आपला वेळ कुणीतरी चोरतंय.’ होस्ट आमच्या हातात नव्हता. मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो दोन्ही कोअर पूर्ण गुंतवून ठेवायचा, आणि आठवडाभर तो दर तासाला दोन मिनिटं चालवून असेच आकडे देणाऱ्या व्हीएमस्टॅट कमांडची नोंद घेतली. शेजाऱ्यांची गर्दी असती तर पहाटे तीनला आकडा पडायला हवा होता. पडला नाही. दुपार असो की पहाट, आमचा वापर पन्नाशीच्या वर एकदाही गेला नाही आणि उरलेलं सगळं स्टील. तो कोटा होता. योजनेच्या बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही निघालं. जे एका रकान्यात दिसलं असतं, त्यासाठी आठवडा गेला, आणि तोवर दोन कडक ईमेलही जाऊन बसले होते.

होस्टवर मात्र हा फरक पहिल्यापासून दिसतो. कोट्याच्या सोयीबरोबरच गटाच्या आकडेवारीत किती वेळा अडवलं आणि किती वेळ अडवलं हे आलं. एका व्यापारी हायपरव्हायजरच्या साधनात तर ‘रेडी’ (तयार असूनही थांबलेल्या वेळेच्या) टक्क्यांशेजारी मर्यादेमुळे थांबलेल्या वेळेचा वेगळा रकाना आहे. म्हणजे मोजता येत नाही असं नव्हतंच.

नंतरची भर वेगाने पडत गेली. २०१७ च्या ४.१० मध्ये त्याच ६४ बाइटांत, आपला दुसरा आभासी प्रोसेसर या क्षणी खाली उतरवलेला आहे का, हे सांगणारी खूण आली. त्यामुळे उतरवलेल्याच्या हातातलं कुलूप सुटायची वाट बघत गेस्ट फुकट फिरत बसायचा थांबला. ईबीपीएफमुळे, म्हणजे चालत्या कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम घालायच्या सोयीमुळे, चालत्या होस्टवर प्रत्येक आभासी प्रोसेसरच्या प्रतीक्षेचा हिस्टोग्रॅम काढता येऊ लागला. सरासरीत लपणारे वीस-तीस मिलिसेकंदांचे खड्डे त्यात स्पष्ट दिसतात. २०२१ च्या ५.१४ मध्ये कोअर शेड्युलिंग आलं: एकाच कोअरच्या दोन जुळ्या हार्डवेअर थ्रेडवर एकमेकांवर भरवसा नसलेले गेस्ट एकाच वेळी बसवायचे नाहीत. सुरक्षेसाठी एक जुळा मुद्दाम रिकामा ठेवायचा. या मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या वेळेचा हिशेब मात्र कर्नलने स्वतंत्र ठेवला, आणि त्याला नावही सरळ दिलं: ‘फोर्स्ड आयडल’.

२०२३ च्या ६.६ मध्ये सीएफएसची जागा ईईव्हीडीएफ या नव्या शेड्युलरने घेतली. २०२४ च्या ६.१२ पासून शेड्युलरचे नियमच ईबीपीएफमध्ये लिहून चालत्या कर्नलमध्ये चढवता येतात. पाळी कोणी, कशी द्यायची हे एवढं बदललं. गेस्टच्या ओळीत शेवटी एसटीचा आकडा अजूनही एकच येतो.