पत्रा बांधा, जखडू नका
बगीचं बॉडीकाम करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बगी (पाइपच्या फ्रेमची, शेतात-खडकात फिरवायची उघडी गाडी) घेऊन गेलेल्या ग्राहकाचा पहिला फोन इंजिनासाठी येत नाही. "भो, पत्रा वाजतो," असा येतो. दुसरा फोन पावसाळ्यात येतो, "पत्रा खोलायचाय, बोल्ट फिरत नाही." हे दोन्ही फोन कमी व्हावेत म्हणून हा कागद छापला आहे. काम आमच्याकडून करून घ्या किंवा घरी स्वतः करा, वाचून ठेवा.

पाइपच्या फ्रेमच्या बगीत सगळा जोर पाइप खातो. बगी उलटली तर तुम्हाला वाचवणार तो पाइपच. पत्र्याचं काम वेगळं. चाकाने उडवलेला चिखल, पऱ्हाटीची टोकं आणि बाभळीचे काटे आत येऊ न देणं आणि हातपाय बाहेर जाऊ न देणं. फ्रेम खड्ड्यात थोडी पिळवटते आणि परत येते, ते तिच्या स्वभावातच आहे. पत्रा तिला चारही बाजूंनी घट्ट जखडला की ती पिळवटताना त्यालाही ओढते. मग भोकांच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि दोन महिन्यांत ती बोटभर होते. लोक समजतात की पत्रा पातळ होता. बहुतेक वेळा पत्रा बरोबरच असतो, बांधणी चुकलेली असते.

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या एका बगीला आम्ही सगळे पत्रे थेट पाइपवर पॉप रिव्हेटने ठोकले. काम दिसायला एक नंबर झालं. पंधरा दिवसांत त्या गाडीची चेन उतरली आणि तिथपर्यंत हात घालायला चाळीसेक रिव्हेट ड्रिलने उडवावे लागले. तेव्हापासून आमचा एक नियम आहे. मागचा कुठलाही पत्रा १० नंबरच्या एका पान्याने, पाच मिनिटांत निघाला पाहिजे.

पाइपला भोक पाडू नका

हे ठळक अक्षरात समजा. पत्रा लावायला सहा मिलिमीटरचा रिव्हनट (भोकात पक्का बसणारा आट्यांचा नट) बसवायचा तर नऊ मिलिमीटरचं भोक लागतं. २५ मिलिमीटर बाहेरमापाच्या पाइपात नऊचं भोक म्हणजे एका बाजूची एक तृतीयांशाहून जास्त रुंदी गेली. बगी उलटताना पाइप वाकायला जागा शोधतो आणि ती जागा तुम्ही त्याला करून दिलेली असते. शिवाय त्या भोकातून पाणी आत जातं. बंद पाइप आतून गंजायला लागला की बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आतून भिंत कागदासारखी होत जाते. डोक्यावरच्या आणि सीटमागच्या पाइपला तर स्क्रूसुद्धा लावून देणार नाही, मग ग्राहक कितीही जवळचा असो.

मग लावायचं कशाला? दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे पाइपला लोखंडी कान वेल्ड करणं. दोन ते तीन मिलिमीटर जाडीची, साधारण २५ बाय २५ ची पट्टी, कोपरे गोल केलेली, मध्ये भोक. कान मुद्दाम जाड करू नका. दगडाला घासला तर कान वाकला पाहिजे, त्याने पाइपची भिंत ओढून फाडता कामा नये. कानांची जागा पावडर कोटिंगच्या (पावडरीच्या पक्क्या रंगाच्या) आधी ठरवा. नंतर आठवण झाली तर कोटिंग जाळून वेल्डिंग करावं लागतं, आणि तिथे गंज धरलाच म्हणून समजा.

दुसरा रस्ता रबर लावलेल्या क्लॅम्पचा. वेल्डिंग नाही, रंग जात नाही, जागा बदलता येते. फक्त क्लॅम्प आणायला जाताना दुकानात "एक इंची पाइपचा द्या" असं म्हणू नका. पाणी आणि गॅसच्या लाइनचा एक इंची पाइप आतल्या मापाने ओळखला जातो, त्याचं बाहेरचं माप ३३ मिलिमीटरच्या पुढे जातं. ट्यूब मात्र बाहेरच्या मापाने विकली जाते, एक इंच म्हणजे २५.४. या गोंधळात चुकीचे क्लॅम्प घेऊन परत फिरलेले लोक आम्ही दर महिन्याला बघतो. व्हर्निअर लावा, मिलिमीटरचा आकडा लिहून न्या.

आपलं ऊन

बाहेरची पुस्तकं वाचून बगी बनवणारे इथे फसतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात उभा असलेला काळा पत्रा ६५ अंशांना सहज पोचतो. थंडीत पहाटे तीच बगी १० अंशांवर उभी असते. हा ५५ अंशांचा फरक पत्र्याला लांबीत दिसतो. एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा एवढ्यात सव्वा मिलिमीटर वाढतो. पॉलिकार्बोनेट (काचेसारखं पारदर्शक, चिवट प्लास्टिक) पावणेचार वाढतं. एचडीपीईची (एक जातीच्या घट्ट, गुळगुळीत प्लास्टिकची) शीट तर सात-आठ मिलिमीटर. खालचं लोखंड पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे हिवाळ्यात ताठ बसवलेली प्लास्टिकची शीट उन्हाळ्यात पापडासारखी फुगते. उन्हाळ्यात बसवली असेल तर डिसेंबरात भोकांवर ताण येऊन फाटते.

उपाय सोपा आहे. पत्र्याचं मधलं एक भोक नेमक्या मापाचं ठेवायचं, तिथे पत्रा टेकतो. बाकीची भोकं मोठी. सहाच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये आठचं गोल भोक पुरतं. प्लास्टिकमध्ये कडेची भोकं लांबट पाडायची, त्यांचं लांब अंग मधल्या भोकाच्या दिशेने. वर २५ मिलिमीटरचा रुंद वायसर. बोल्ट किती आवळायचा हे सगळ्यात जास्त चुकतं. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट वायसर बोटाने जेमतेम फिरेल इतकाच आवळा. नायलॉक तिथल्या तिथे धरून राहतो, त्याला दात-ओठ खाऊन ताणायची गरज नाही.

याहून चांगलं काम हवं असेल तर भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) आणि ग्रोमेटच्या आत लोखंडी बुश (छोटी नळी). बुशची लांबी रबराच्या जाडीपेक्षा किंचित कमी. बोल्ट कितीही आवळला तरी जोर बुश घेतो, रबर नेमकं तेवढंच दबतं आणि पत्रा रबरावर तरंगत राहतो. खडखड निम्म्याहून कमी होते. आमच्या मते बगीवर खर्च करायचे शेवटचे पैसे रंगाऐवजी इथे करावेत.

कुठला पत्रा

बाजूंना ॲल्युमिनियम, सव्वा ते दीड मिलिमीटर. वाकतो, पण सरळही होतो. खाली, पोटाला, तीन ते पाच मिलिमीटर ॲल्युमिनियम किंवा जाड एचडीपीई. एचडीपीई दगडावर घसरतं, अडकत नाही. पोटाचे पत्रे कौलासारखे एकावर एक घ्या, पुढच्याची मागची कड मागच्याच्या खाली. उलटं केलं तर पहिला दगडच कड पकडून पत्रा सोलतो. बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली हवीत, नाहीतर घासून जातात आणि मग पान्याला पकडायला काही उरत नाही.

पाटीवाल्यांकडची एसीपी शीट स्वस्त मिळते म्हणून बरेच जण आणतात. दोन पापुद्रे ॲल्युमिनियमचे, मध्ये प्लास्टिक. पाटीला छान. बगीला घडीवर चिरते आणि इंजिनाजवळ ते मधलं प्लास्टिक धोक्याचं आहे. आणली तर आम्ही बसवत नाही.

पॉलिकार्बोनेट घेतलंत तर बोल्टला थ्रेडलॉकरचं (आटे ढिले होऊ न देणारं) लिक्विड लावू नका, ते लागलं की शीटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. पेट्रोलच्या फडक्यानेही पुसू नका. साबणपाणी बस.

ॲल्युमिनियमचा पत्रा उघड्या लोखंडावर ठेवला आणि मध्ये ओल राहिली की ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं. मध्ये रंग आणि रबराची पट्टी दोन्ही असू द्या.

माप पुठ्ठ्यावर काढा. कूलरचं खोकं उत्तम, जाड असतं आणि उन्हाळ्यात कुणाच्याही दारात मिळतं. पुठ्ठा फ्रेमवर चिकटपट्टीने लावून गाडीत बसा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, सस्पेन्शन दाबून बघा, चाक कुठे येतं ते पेनाने मारा. पुठ्ठा तीनदा चुकला तरी चालतो.

काळी माती

तापी-पूर्णेच्या काठची काळी माती ओली झाली की काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. पण हिशोब करून बघा. पत्र्याच्या आतल्या बाजूला अर्धा चौरस मीटर जागेवर दोन सेंटिमीटर चिखल साचला तर तो दहा लिटर होतो, वजन १८ किलोच्या आसपास. हे वजन प्रत्येक खड्ड्यात तुमच्या बोल्टवर आपटतं. म्हणून पत्र्याच्या आत आडव्या पट्ट्या, खिसे, वळवलेल्या कडा ठेवू नका, आणि पोटाच्या पत्र्याला सगळ्यात खालच्या जागी २० मिलिमीटरची तीन-चार भोकं द्या. ॲलन बोल्टच्या खाचेत ही माती वाळली की विटेसारखी होते, किल्ली आत जात नाही. म्हणून आम्ही बाहेरच्या बाजूला साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट लावतो. दिसायला ॲलन भारी, हे मान्य.

रोज उघडायच्या झाकणाला पाव फेरीत सुटणारे फास्टनर बसवून देतो. विमानाच्या झाकणांना वापरतात तोच प्रकार. महाग आहे, त्यामुळे सगळीकडे नको. एअर फिल्टर आणि बेल्टच्या झाकणाला पुरे.

इंजिनाकडची बाजू

सीट आणि इंजिनाच्या मध्ये पूर्ण पत्रा हवा, आणि तो धातूचाच. पेट्रोलची टाकी त्याच्या पलीकडे. वायर आणि केबल ज्या भोकांतून जातात तिथे ग्रोमेट घाला, नाहीतर पत्र्याची कड वायर कापते. सायलेन्सरजवळ प्लास्टिक नको. उष्णता अडवणारा पत्रा सायलेन्सर आणि बॉडीच्या मध्ये, दोन्हीकडे बोटभर हवा सोडून. तिथे नायलॉक नट चालत नाही, आतलं नायलॉन वितळतं. पूर्ण लोखंडी लॉकनट घ्या. गहू निघाल्यावर शेतात बगी फिरवणाऱ्यांनी पोटाचा पत्रा दर फेरीनंतर बघावा. काड आत शिरून सायलेन्सरला टेकलं की धूर दिसेपर्यंत वेळ लागत नाही. बंद पत्रे लावून इंजिनाची हवा कोंडू नका. बेल्टच्या गिअरबॉक्सला हवा मिळाली नाही तर आपल्या उन्हात बेल्ट जळतो.

इंजिनीअरिंगची पोरं येतात त्यांच्यासाठी एक. बाहाच्या (कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या बगींच्या) स्पर्धेत बाजूच्या पत्र्यांमधली फट पाव इंचापेक्षा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि पत्रे केबल टायने किंवा व्हेल्क्रोने बांधलेले चालत नाहीत. आदल्या रात्री केबल टायवर भागवायची सवय इथे महागात पडते. त्या वर्षीचं नियमपुस्तक सोबत आणा, आपण ओळ ओळ बघून काम करू.

घरी नेल्यावर

पहिल्या दोन तासांच्या फेरीनंतर सगळे बोल्ट तपासा. आम्ही प्रत्येक नटावर पिवळ्या पेंटची रेघ मारून देतो. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. प्रेशरच्या पाण्याने धुताना नोझल पत्र्याच्या कडेत घुसवू नका, रबराची पट्टी उखडते. टेम्पोवर चढवून नेताना वरचा आणि पुढचा पत्रा काढून ठेवा. हायवेवर वारा तो फडकवतो आणि बोल्ट तिथेच ढिले होतात. टेम्पोचं भाडं वाचवायला बगी रस्त्यावर चालवत आणू नका. नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ त्याबद्दलच आहे. पत्रे लावल्याने बगीला नंबर मिळत नाही. हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतोच.

कामाला बगी आणताना धुऊन आणा, नाहीतर धुण्याचे पैसे वेगळे. बॅटरीची वायर आम्ही वेल्डिंगआधी काढतो, इंजेक्शनचं इंजिन असेल तर तसं आधी सांगा. आणि पेट्रोलची टाकी पूर्ण काढून घरी ठेवा. "रिकामी केलीय" म्हणून तशीच आणू नका. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ठिणगीला तीच पुरते.