ट्रॉलीचं पासिंग: कागद कुठे अडतात आणि हूक कसा निवडावा

कापूस वेचायला आला की कास्तकार ट्रॉली घेतात आणि पासिंगला, म्हणजे आरटीओत नोंदणीला, गेले की अडकतात. फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज, फी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा हे सेवा केंद्रात होऊन जातं. अडतं ते फॉर्म २१ आणि २२ वर. २१ म्हणजे विक्रीचा दाखला, २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याने बांधलेली ट्रॉली कितीही भक्कम असो, त्याच्या साध्या बिलावर काम होत नाही. खिडकीवर नुसतं ‘कागद अपुरे’ म्हणून परत पाठवतात. कोणता कागद कमी, हे चिठ्ठीवर लिहून दिलं तर गरिबाचा एक हेलपाटा वाचेल! म्हणून बयाणा देण्याआधीच विचारा, ‘२१-२२ देता का?’ नाही म्हटलं तर तिथून उठा.

नोंदणीच्या अर्जाची मुदत ७ दिवसांची आहे आणि ती ताबा घेतल्यापासून मोजतात, दसऱ्याला पूजा केली तेव्हापासून नाही. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येते असं धरून चालू नका. पॉलिसीवर तिचा उल्लेख वाचून घ्या.

हूक मात्र घेण्याआधीच जुळवा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत किती ओढायचं आणि हूकवर खाली किती भार चालतो, हे आकडे वेगळे असतात. चारचाकी ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर राहतो, दोनचाकी मात्र मालाचा बराच भार हूकवर टाकते. तिथे दुसरा आकडा बघाच. ट्रॉलीचा दांडा टॉपलिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी कधीच जोडू नका. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. पिन भोकात घट्ट बसली पाहिजे. घासून भोक लांबट झालं असेल तर हूक बदला. पिन निसटू नये म्हणून लावतात त्या लॉकपिनच्या जागी वाकवलेला खिळा घालून क्विंटलांनी कापूस नेणारे रोज दिसतात. कृपा करून तसं करू नका, वर साखळीही लावा.

नंबर मिळाल्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ६१ लक्षात ठेवा: ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही ट्रॉलीवर हवा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर जोडला, तर त्या दिवशी नंबर त्याच्या ट्रॅक्टरचा लागतो.