वर्गातला दुसरा माणूस : शाळा सहायकांच्या योजनांमागची पार्श्वभूमी

प्राथमिक शाळेत शिक्षकाच्या हाताखाली सहायक नेमायची चर्चा निघाली की कोल्हापुरात दोनच प्रश्न विचारले जातात: मानधन किती आणि पुढे कायम करणार का? मुलांना त्याचा उपयोग काय, हा प्रश्न मागे पडतो. त्यात लोकांची चूक नाही. आजवरचा अनुभवच तसा आहे.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1918 मध्ये चिखलीत त्याची सुरुवात झाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पण मुलं हुकमानं आणता येतात, शिक्षक घडायला वर्षं लागतात. म्हणून पुढे कितीतरी काळ गावोगाव व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी झालेला माणूसच मास्तर म्हणून उभा राहिला. एकशिक्षकी शाळेला निदान दुसरा शिक्षक मिळावा, हे केंद्र सरकारनं ठरवलं ते थेट 1987 च्या खडू-फळा मोहिमेत.

2000 साली राज्यात शिक्षणसेवक आला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेला शिक्षक. तीन वर्षं, प्राथमिकला महिना तीन हजार. शिकवायचं पूर्ण शिक्षकाइतकं. 2023 मध्ये हे मानधन सोळा हजार झालं. 2000 च्याच सुमारास वस्तीशाळांवर, म्हणजे वाड्यावस्त्यांवरच्या छोट्या शाळांत, स्वयंसेवक नेमले गेले, महिना एक हजार रुपयांवर. त्यांना सेवेत सामावून घ्यायला 2014 उजाडलं. दोन्ही योजनांत माणूस आला तो शिक्षकाच्या जागी, स्वस्तात. शिक्षकाच्या जोडीला कुणी आलं नाही.

जोडीला माणूस लागतो कशाला, हे दोनशिक्षकी शाळेत तासभर बसलं तरी कळतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. पहिलीची पोरं 'ग' गिरवत असतात तेव्हा दुसरीला हातच्याची बेरीज सांगायची, मध्येच पोषण आहाराची नोंद करायची, केंद्रप्रमुखांनी मागितलेली माहिती मोबाईलवर भरायची. ज्याला अक्षर लागत नाही तो भिंतीकडेला गप्प बसून राहतो आणि तसाच तिसरीत जातो.

नेमक्या याच मुलासाठी 'प्रथम' संस्थेनं मुंबईत बालसखी उभी केली. वस्तीतलीच शिकलेली मुलगी रोज साधारण दोन तास मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वेगळी घेऊन बसे. मुंबई आणि बडोद्यातल्या पाहणीत मुलांचे गुण वाढलेले दिसले, सगळ्यात जास्त तळातल्या मुलांचे. 2007 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे नोबेल मिळालं. इंग्लंडचा अनुभव उलटा आहे. तिथं शिक्षकांवरचा कामाचा भार कमी करण्यासाठी झालेल्या 2003 च्या करारानंतर सहायकांची संख्या भराभर वाढली, पण 2009 च्या मोठ्या अभ्यासात सहायकाच्या आधारावर जास्त राहिलेल्या मुलांची प्रगती कमी आढळली. अभ्यासकांनी दोष सहायकांना दिला नाही. अवघड मुलं त्यांच्यावर सोपवली होती, तयारीला वेळ दिला नव्हता आणि शिक्षक त्या मुलांपासून लांब गेला होता.

आपल्याकडे सप्टेंबर 2024 मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा पंधरा हजारांवर कंत्राटी भरायचा निर्णय झाला. तो फेब्रुवारी 2025 मध्ये रद्द झाला. हाही मार्ग शिक्षकाची जागा भरण्याचाच होता. त्याच काळात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून राज्यभर अनेक तरुण जिल्हा परिषदेच्या शाळांत रुजू झाले. बारावी झालेल्याला सहा हजार, पदवीधराला दहा हजार. मुदत आधी सहा महिने, मग पाच महिने वाढवून अकरा. इथं शिक्षकाच्या शेजारी कुणीतरी उभं राहिलं होतं. पण योजना रोजगाराची होती, शिक्षणाची नव्हे. मुलांची नावं पाठ होऊन कोण कुठे अडतो हे उमगायला लागेपर्यंत त्यांची मुदत भरत आली. पुढचा शासन निर्णय निघेल तेव्हा मानधनाच्या आकड्याआधी त्यात तीन गोष्टी शोधायला हव्यात: निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, नेमणुकीआधी प्रशिक्षण, आणि सहायक आला म्हणून शिक्षकाचं एकही पद कमी होणार नाही अशी लेखी अट.